पान्ह्याचा माग

सातारा-सांगलीकडच्या गोठ्यात धार काढणारी बाई आधी म्हैस पान्हावायची वाट बघते. रेडकू सोडायचं, ते कासेला ढुशा देतं, सड टणक होतात, मग त्याला ओढून बाजूला बांधायचं आणि कासंडी घेऊन बसायचं. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’, मराठी ‘पान्हा’ अशी या शब्दाची वाट. अर्थ पाझरणं. पाझर आतूनच फुटावा लागतो, हे त्या शब्दातच आहे.

म्हशीला तर ही वाट बघणं चुकतच नाही. तिच्या कासेतल्या दुधाचा जेमतेम विसावा भाग सडांवरच्या पोकळीत उतरलेला असतो. बाकीचं वर, खसखशीहून बारीक पिशव्यांत अडकलेलं. माणदेशातली खिलार गाय बैलांच्या पैदाशीसाठी जोपासलेली. वासरू पुढ्यात नसेल तर तीही दूध चोरते.

म्हणून युक्त्या निघाल्या. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवत. त्यात निदान गायीला चाटायला काही तरी होतं. शहरांतल्या तबेल्यांतला ‘फुंका’ मात्र निव्वळ क्रौर्य: जनावराच्या योनीत हवा फुंकून दूध उतरवायचं. गांधीजींनी 1912 मध्ये दूध सोडलं, त्यामागे गवळ्यांकडून होणाऱ्या जनावरांच्या छळाची वर्णनंही होती. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुंक्यावर बंदी घातली.

पान्ह्यामागचं द्रव्य तोवर सापडलेलं होतं. 1906 मध्ये हेन्री डेल यांना दिसलं, की मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पियूषिकेच्या मागच्या भागाचा अर्क गर्भाशय आकसवतो. 1910 मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तोच अर्क शेळीला टोचला, तर दूध वाहू लागलं. हेच ऑक्सिटोसिन.

1941 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात ईली आणि पीटरसन यांनी गायींवर प्रयोग केले. अर्ध्या कासेच्या नसा तोडल्या, तरी तिथूनही दूध उतरलं; म्हणजे निरोप रक्तातून येत होता. मग गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या. गाय दचकली आणि पान्हा आटला. भ्याल्यावर सुटणारं ॲड्रिनलिन आड आलं होतं.

सगळा व्यवहार मला इथे उलगडतो. सड चोखले की नस मेंदूला कळवते, पियूषिका ऑक्सिटोसिन रक्तात सोडते. रक्त ते अंगभर नेतं, पण ते ओळखणारे ग्राहक ज्या पेशींवर आहेत त्याच पेशी उत्तर देतात. कासेत त्या दुधाच्या पिशव्यांभोवती जाळीसारख्या विणलेल्या असतात. आकसल्या की पिशवी पिळली जाते. चोखणं चालू, तोवर निरोप चालू. थांबलं की रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांत विरतं. रोजची सवय लागली, की नुसत्या बादलीच्या आवाजानेही काही जनावरं पान्हावतात.

1953 मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी हे नऊ अमिनो आम्लांचं द्रव्य प्रयोगशाळेत घडवलं. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं हे औषध आहे, त्याने असंख्य आया वाचल्या. तेच पुढे गोठ्यात सुईतून शिरलं. रेडकू नको, वाट बघणं नको. पण रोज सुई टोचली, की कास जनावराच्या स्वतःच्या निरोपाला पुरतं उत्तर देईनाशी होते. सुई बंद केली तर दूध आत राहतं, म्हणून पुन्हा सुई. 2018 मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना याचं उत्पादन बंद करायला सांगितलं. बाळंतिणींच्या औषधाचा तुटवडा होईल हे ध्यानात घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात तो आदेश रद्द केला. मला तो निकाल योग्य वाटतो. औषध दवाखान्यात हवंच आहे.

गोठ्यात ते नको. कोमट पाण्याने कास धुवा, आंबोण पुढे ठेवा, रेडकू जवळ असू द्या, आरडाओरडा करू नका, आणि म्हशीला दोन-तीन मिनिटं द्या.