बिनतारी इंटरनेटचा खांब : उंची किती, पाया कसा?

वर्धा जिल्ह्यातील ज्या वस्त्यांवर फायबरची तार पोचलेली नाही, तेथे बिनतारी इंटरनेट घेताना ग्राहक प्रथम विचारतो, मनोरा किती दूर आहे? खरे पाहता, घर आणि मनोरा यांच्यामध्ये काय उभे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. या सेवेत दोन्हीकडील अँटेना एकमेकींना 'दिसाव्या' लागतात. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत टेकड्या आड येतात. तेथे घरावरचा खांब वाढवून फारसे साधत नाही, टेकडीवर मधले केंद्र उभारावे लागते. हिंगणघाट, समुद्रपूरकडील सपाट मुलखात मुख्य अडथळा झाडांचा.

केवळ दिसणेही पुरेसे नाही. लहरी सरळ रेषेभोवतीची काही जागा व्यापून जातात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्राचा सुमारे ६० टक्के भाग मोकळा असावा, असा संकेत आहे. समजा, ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारा मनोरा ३० मीटर उंच आणि ८ किलोमीटर दूर आहे. वाटेच्या मध्यावर १० मीटर उंचीचे बाभूळबन असल्यास घरापाशी सुमारे ४ मीटर उंची पुरते. तेच झाड घरापासून एका किलोमीटरवर असेल, तर मात्र १२ मीटर, म्हणजे ४० फूट उंची लागते. खांबाची उंची ठरते ती बहुधा जवळच्या झाडामुळे. म्हणून शेजाऱ्याच्या कडुनिंबावर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी खांब आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहणे शहाणपणाचे व स्वस्तही. पाहणी एप्रिलमध्ये झाली असल्यास विशेष जपावे. त्या दिवसांत सागवान निष्पर्ण असते. जुलैत त्याची रुंद, ओली पाने लहरी अडवतात आणि उन्हाळ्यात उत्तम चाललेली जोडणी कोलमडते.

आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील गावांत दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींचा प्रयोग केला, त्यामागे हेही कारण होते : कमी वारंवारितेच्या लहरी झाडांतून तुलनेने चांगल्या जातात. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. परवान्याविना वापरासाठी मात्र ५ गिगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातील ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले. त्यामुळे उंच खांबाची गरज टळलेली नाही.

जिल्ह्यातील काळी कसदार माती कापसाला जितकी मानवते, तितकीच खांबाला छळते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया हलवते. खड्डा काळ्या मातीत थांबवू नये. खालचा मुरूम लागेपर्यंत खणावा. पक्के स्लॅबचे घर असल्यास छतावरचा आखूड खांब बरा. कवेलूच्या छपरावर मात्र भार देऊ नये.

बारा मीटरच्या खांबाला दोन उंचींवर, प्रत्येकी तीन दिशांना ताणतारा हव्यात. त्यांचे खुंटे बुंध्यापासून आठ-नऊ मीटरवर येतात, म्हणजे आवारात तेवढी जागा मोकळी हवी. बैलगाडी वा ट्रॅक्टरच्या वाटेवर तार येत असल्यास तिच्यावर पांढरी खूण करावी. भारतीय मानकानुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला जातो. मान्सूनपूर्व वादळांचा हा प्रदेश असल्याने भरीव तबकडीपेक्षा जाळीची अँटेना सोयीची. तिच्यावर वाऱ्याचा दाब कमी पडतो.

सर्वांत मोठा धोका विजेचा. खांब कोणत्याही दिशेला पडला तरी महावितरणच्या तारेला शिवणार नाही, इतके अंतर सोडावे. खांबाच्या उंचीच्या दीडपट धरल्यास उत्तम. उभारताना हातून निसटलेला लोखंडी पाइप ११ हजार व्होल्टच्या तारेला टेकला, तर धरणाऱ्यांपैकी कोणी वाचेल याची शाश्वती नाही. हे काम वारा सुटलेला असताना करू नये. आकाशातील विजेसाठी टोकावर तडितरक्षक, तेथून शक्य तितकी सरळ उतरणारी धातूची पट्टी आणि घराच्या अर्थिंगशी जोडलेले स्वतंत्र अर्थिंग असावे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत अर्थिंग निकामी होऊ लागते. तेथे अधूनमधून पाणी घालावे. ताणतारांचा ताण मे महिन्यात व पावसाळा संपल्यावर, असा वर्षातून दोनदा तपासून घ्यावा.