शिकलगाराचे चाक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मर्दानी खेळ पाहायला तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर उन्हात तळपणारी पाती तुमच्या ध्यानात असतील. ते तेज पोलादाला आपोआप येत नाही. गंज काढायचा, धार लावायची, झिलई द्यायची, हे काम पूर्वी शिकलगारांचे. ‘शिकल’ म्हणजेच झिलई. शब्द अरबीतून आलेला. एकाने वादी ओढून चाक मागेपुढे फिरवायचे, दुसऱ्याने पाते धरायचे. चाक लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेले. त्याला सराण म्हणत. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण. इंग्रजीतले ‘कोरंडम’ हे नाव आपल्याच देशातून, तमिळमधून तिकडे गेले. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे.

विलायतेत शेफील्ड गावी मात्र सुऱ्या-काटे वाळूच्या दगडाच्या चाकावर घासत. काटे तर कोरडेच. ते घासणारे कामगार तिशीच्या आसपास दम लागून मरत. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली या रोगावर पुस्तकच लिहिले. त्या दगडाची धूळ म्हणजे सिलिका. ती इतकी बारीक की डोळ्याला दिसतही नाही. फुप्फुसात रुतली की फुप्फुस घट्ट होत जाते. या सिलिकोसिसवर आजही उतारा नाही.

पुढे १८९१ साली अमेरिकेत अॅचिसन यांना विजेच्या भट्टीत कार्बोरंडम सापडले. कृत्रिम कुरुंदही निघाला. पुढे मद्रासलाही अशी चाके होऊ लागली. वाळूचा दगड मागे पडला. मग धोका टळला का? इथेच आपली फसगत होते.

याच कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. ऑइल इंजिने, पंप यांच्या ओतकामाने शहराचे नाव झाले. पण ओतीव भाग निघतो तो वाळूच्या साच्यातून, आणि थोडी वाळू अंगाला चिकटवूनच येतो. चाक वाळूचे नसेना का, घासताना उडते ती वाळूच! नाकाला फडके बांधून ती अडत नाही. चाकापाशीच धूळ ओढून घेणारा पंखा हवा, आणि बारीक धूळ अडवणारा खरा मुखवटा हवा.

चाक बसवण्याआधी बायका मडके वाजवून घेतात तसे वाजवून घ्यावे. बोटावर टांगून लाकडाने हलकेच ठोकावे. बद्द वाजले तर ते फेकून द्यावे. दहा इंची चाक मिनिटाला २८०० फेरे घेते तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो. त्यातला तुकडा निसटला तर तो गोळीच. म्हणून तर १९४८ च्या कारखाने कायद्याने वेगाची पाटी चाकाजवळ लावायला सांगितली आणि डोळ्यांच्या रक्षणाचीही तरतूद केली.

शेवटची झिलई कापडी चाकावर. त्याला कारागीर बफ म्हणतात. मेण-चरबीत बारीक पूड कालवलेली कांडी त्यावर टेकवायची, तीही थोडीच. वस्तू चाकाच्या मध्याखाली धरावी, म्हणजे हातून सुटली तरी ती खाली जाते, तोंडावर येत नाही. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकाच बफवर घेऊ नये; दोहोंची धूळ मिसळली आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. आणि उभे राहण्यापूर्वी सोगा खोचावा, हातातले कडे काढून ठेवावे.