नळदुर्गच्या वाटेवरील पंजाबी हुतात्मा

निजामी अमलाच्या अखेरच्या पर्वात, १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे, सोलापूरकडून हैद्राबाद संस्थानच्या सरहद्दीत शिरलेल्या हिंदी फौजेच्या अग्रभागी असलेला दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंह, नळदुर्गजवळील नाक्यावरच्या चकमकीनंतर पुढे सरकताना मांडीत गोळ्या लागून कोसळला. परंतु तशाही स्थितीत सरपटत जाऊन त्याने समोरच्या मशीनगनवर हातबॉम्ब फेकले, ती बंद पाडली, आणि मगच देह ठेवला. अवघ्या चार दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत, मरणोत्तर, त्याची गणना झाली. जन्मभूमी दूर पंजाबात, रक्त मात्र आमच्या धाराशिव जिल्ह्यात सांडले. हे ऋण मला फार थोर वाटते. १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनी, ध्वजवंदनाच्या वेळी, जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने त्याचेही नाव आदराने उच्चारावे, एवढीच विनंती आहे.