गब्बर आणि लखनौचा नवाब

आजचा भाग लखनौच्या हजरतगंजमधून. इथं दुकानांच्या रांगेत एक जुना दरवाजा लागतो. आत सिब्तैनाबाद इमामबाडा, आणि तिथं अवधचे नवाब अमजद अली शाह यांची कबर. लोक त्यांना ‘हजरत’ म्हणत, तेच नाव बाजाराला चिकटलं. १८४७ मध्ये ते गेले आणि गादीवर मुलगा आला, वाजिद अली शाह.

या वाजिद अलीला पडद्यावर उभं केलं कोणी? गब्बरनं!

‘शोले’ १९७५ चा. डॅनी ‘धर्मात्मा’त अडकला म्हणून गब्बर अमजद खानकडे आला. त्यानं चंबळच्या डाकूंवरचं तरुणकुमार भादुरींचं पुस्तक वाचून तयारी केली. पुढे त्याच्यावर खलनायकाचा शिक्का असा बसला की बिस्किटांच्या जाहिरातीतही तो गब्बरच! सत्यजित राय यांनी मात्र दोनच वर्षांत ‘शतरंज के खिलाडी’मध्ये त्याला नवाब केलं. गाण्यात रमणारा, राज्य हातातून निसटताना बघणारा, थकलेला राजा. माझ्या मते हे त्याचं सर्वांत चांगलं काम.

खलनायक कंपनीलाही हवाच होता. सातारा, झाशी, नागपूर ही राज्यं वारस नाही म्हणून गिळली. अवधला तर वारस होते. मग डलहौसीनं गैरकारभाराचं कारण पुढे केलं. कारभार ढिसाळ होता, हे खरंच. पण त्यावर पानंच्या पानं लिहिणारा रेसिडेंट स्लीमनसुद्धा राज्य खालसा करा असं म्हणत नव्हता.

४ फेब्रुवारी १८५६ ला जनरल आउट्रम करार घेऊन आला. नवाबानं आधीच तोफा गाड्यांवरून उतरवल्या होत्या, पहारेकऱ्यांची हत्यारं काढून घेतली होती. त्यानं डोक्यावरची पगडी काढून आउट्रमच्या हाती दिली. सही मात्र दिली नाही. तीन दिवसांनी राज्य खालसा झालं.

आम्हा फौजी लोकांना न लढता शरण जाणं पचत नाही. तरी सांगतो, सही नाकारायलाही छाती लागते. त्या सहीशिवाय कंपनीच्या हाती नुसता दांडगावा उरला.

बंगाल आर्मीतले कितीतरी शिपाई याच अवधच्या खेड्यांतले. पंधरा महिन्यांत ते उठले. जुलै १८५७ मध्ये मागे राहिलेल्या बेगम हजरत महलनं लखनौत आपल्या मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवलं. नवाब तेव्हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये कैदेत होता.