सिरोप्टोलेमायोस म्हणजे आपला पुळुमावी!

कळमनुरीतला ‘ळ’ इंग्रजीत गेला की ‘ल’ होतो. ग्रीकांनी तर कमालच केली. इ.स. 150च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने भूगोलावर ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या मराठवाड्यातलं पैठण ‘बैठाना’ आहे, आणि तिथला राजा ‘सिरोप्टोलेमायोस’! हा कुणी ग्रीक नव्हे, सातवाहनांचा सिरी पुळुमावी. अनोळखी नाव ओळखीच्या साच्यात बसवलं, तेही लेखकाच्याच नावाच्या! उज्जैनचा क्षत्रप चष्टन झाला ‘टियास्टानेस’. ग्रीकमध्ये ‘च’ नाहीच ना.

हसू येतं, पण नाशिकच्या लेण्यात पुळुमावीचं 19वं राज्यवर्ष कोरलंय. ते इसवी सनात कधीचं, हे लेख सांगत नाही. तो काळ ठरवताना टॉलेमीचं हे चुकीचं स्पेलिंगच कामी येतं.