भाजलेल्या विटेचा स्वर

कुंभाराकडून मडकें घेतांना तें बोटानें वाजवून घ्यावें, हें आपल्याकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. खणखणीत वाजलें तर घ्यावयाचें, बद्द वाजलें तर परत ठेवावयाचें. इमारतीची वीटहि अशीच पारखतात. दोन विटा एकमेकींवर आपटून धातूसारखा नाद निघाला म्हणजे गवंड्याचें समाधान होतें. या पारखीची खरी खुबी अशी कीं, तींत वस्तूचा नाश होत नाहीं. वीट दाबयंत्रांत घालून फोडली तर तिचें बळ नेमकें कळतें. पण ती वीट आतां भिंतींत बसवितां येत नाहीं, आणि जी बसवावयाची तिच्याविषयीं आपण केवळ अनुमान करतों.

घराच्या भिंतींत एवढ्या अनुमानानें भागतें. लोखंडाच्या झोतभट्टींत भागत नाहीं. तेथें सुमारें १,५०० अंश सेंटिग्रेडचा लोहरस आणि भट्टीचें पोलादी कवच यांच्यामध्यें काय तें अग्निरोधक विटांचें अस्तर असतें. अस्तर खचलें तर रस कवच भेदून बाहेर पडतो, आणि समोर काम करणाऱ्या माणसांस पळण्यासहि अवधि मिळत नाहीं. म्हणून अशी वीट न फोडतां तिचें अंतरंग जाणण्याचा खटाटोप हा कांहीं विद्वानांचा विरंगुळा नव्हे.

श्रोतेहो, या खटाटोपाचें मूळ भट्टींत नाहीं, संगीतांत आहे. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानें १७८७ सालीं नादावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवर गज फिरविला कीं वाळू हलत्या जागा सोडून स्थिर रेषांवर गोळा होते, हें त्यानें दाखविलें. कंप पावणाऱ्या वस्तूंतहि कांहीं जागा निश्चल असतात, ही गोष्ट पुढें विटांच्या फार उपयोगीं पडली. १८०७ सालीं इंग्लंडांत टॉमस यंग यानें पदार्थाचा ताठपणा एका संख्येनें मोजण्याची कल्पना मांडली. त्या संख्येस आज यंगचा गुणांक म्हणतात.

या दोहोंचा संबंध गणितानें जोडला. एकाच मापाच्या आणि वजनाच्या दोन विटा घेतल्या, तर जिचा स्वर उंच ती अधिक ताठ. आणि हा ताठपणा कंपसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गाण्याचा कान असलेल्यांसाठीं सांगावयाचें, तर विटेचा स्वर शुद्धावरून कोमलावर, म्हणजे सुमारें अर्ध्या स्वरानें उतरला, तर तिचा ताठपणा जवळजवळ ११ टक्क्यांनीं घटलेला असतो. आंत भेगा पडल्या कीं असें होतें. बोटानें मडकें वाजविणारी गृहिणी हेंच गणित करीत असते. फक्त तिला उत्तर आंकड्यांत नको असतें.

आंकडा प्रथम कसा मिळाला ती हकीकत मोठी गमतीची आहे. १९३८ सालीं अमेरिकेंत टी. सी. पॉवर्स यांनीं काँक्रीटचे लहान ठोकळे घेतले, सुमारें दोन इंच जाड आणि साडेनऊ इंच लांब. अशा ठोकळ्यावर हातोडीचा टोला मारावयाचा आणि जो नाद निघेल तो वाद्यवृंदांतील घंटांच्या नादाशीं जुळवावयाचा. प्रत्येक घंटेची कंपसंख्या आधींच ठरविलेली असे. ज्या घंटेशीं ठोकळा जुळला तिची कंपसंख्या ती ठोकळ्याची. यांत सुमारें तीन टक्के चूक होई. मला या साऱ्या इतिहासांतील हा टप्पा सर्वांत मनोहर वाटतो, कारण प्रयोगशाळेच्या मध्यभागीं अजून मनुष्याचा कान बसलेला होता. तो फार काळ टिकला नाहीं. जर्मनींत फर्स्टर यांनीं १९३७ सालींच धातूंसाठीं विजेच्या साहाय्यानें हें मोजमाप करण्याची रीत दिली होती. काँक्रीटच्या कामांतहि १९३९ पासून विजेचीं उपकरणें आलीं.

तीच रीत पुढें अग्निरोधक विटांस लागू झाली. विटेच्या लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर, दोन्ही टोकांकडून, तिच्या निश्चल रेषा असतात. नऊ इंची विटेंत त्या टोकापासून साधारण दोन इंचांवर येतात. तेथें आधार दिला तर नाद अडत नाहीं. मग मध्यभागीं हलकासा टोला, आणि जवळ ध्वनिग्राहक. अमेरिकन प्रमाणसंस्थेनें अग्निरोधक पदार्थांसाठीं या टोल्याच्या परीक्षेचें प्रमाण २००२ सालीं दिलें.

पण येथें मडक्याचा न्याय उलटतो! भट्टीच्या विटांत खणखणीत वाजणारी ती उत्तम असें म्हणतां येत नाहीं. सिमेंटच्या फिरत्या भट्टीसाठीं मॅग्नेशियाच्या विटांत स्पिनेल नांवाच्या खनिजाचे कण घालतात. वीट भाजून निवतांना मॅग्नेशिया अधिक आकसतें, स्पिनेल कमी. त्यामुळें कणांभोंवतीं अतिसूक्ष्म भेगांचें जाळें पडतें. या भेगांमुळें विटेचा स्वर उतरतो, तरी उष्णतेचा तडाखा ती चांगला सोसते. डी. पी. एच. हॅसलमन यांनीं १९६९ सालीं याची उपपत्ति सुसंगत मांडली. ताठ वीट ताणलेल्या धनुष्यासारखी असते. तींत सांठलेली शक्ति एकदां सुटली कीं भेग आरपार धांवते. भेगाळ विटेंत ती शक्ति थोडी थोडी जिरते.

मग नादाची साक्ष निरुपयोगी ठरली काय? नाहीं. मात्र शेजारच्या विटेशीं तुलना न करतां त्याच विटेच्या पूर्वीच्या स्वराशीं करावी लागते. वीट तापवावी, एकदम थंड करावी, वाजवावी. पुन्हा तेंच करावें. प्रत्येक फेरीनंतर स्वर किती उतरला यावरून ती किती खचली तें कळतें. फोडलेल्या विटेस असा दुसऱ्यांदा प्रश्न विचारतां येत नाहीं. तापलेल्या भट्टींतच वीट वाजविली तर आणखी एक चमत्कार दिसतो. कांहीं विटांचा स्वर तापतांना चढतो, कारण प्रसरणानें भेगा मिटतात. आणि निवतांना पुन्हा उतरतो.

सुटी वीट वाजविणें सोपें. बांधलेल्या भिंतीचें काय? रशियांत सोकोलोव्ह यांनीं १९२८ सालीं कानास न ऐकूं येणाऱ्या उच्च कंपांनीं धातूंतील दोष शोधण्याची कल्पना मांडली होती. परंतु पोलादासाठीं वापरतात ते सूक्ष्म तरंग विटेंतील जाड्या कणांवर आपटून विखुरतात. तेथें लांब, संथ तरंगच हवेत. १९८० नंतरच्या दशकांत मेरी सॅन्सलोन आणि निकोलस कॅरिनो यांनीं अमेरिकेंत काँक्रीटसाठीं अशी रीत बसविली. पृष्ठभागावर लहानशी पोलादी गोळी आपटावयाची आणि पलीकडच्या बाजूवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून जाडी काढावयाची.

याच तत्त्वावर आज चालू भट्टीच्या कवचावर बाहेरून टोला देऊन अस्तर किती उरलें तें मोजतात. अडचण एवढीच कीं, अस्तराची बाहेरची बाजू थंड आणि आंतली धगधगीत, त्यामुळें नादाचा वेग वाटेंत सारखा बदलत जातो. तो बदल हिशेबांत न धरला तर अस्तराची जाडी चुकते, आणि या मापांत इंचभराची चूकहि लहान नसते.