प्रमाणाचे आग्रही फादर हेरास

हुबळीहून बनवासीच्या रोखाने जाताना वाटेत हानगल लागते. कदंबांच्या एका शाखेची ही जुनी राजधानी. या राजकुळाचा सुसंगत इतिहास १९३१ साली ‘कदंबकुल’ या इंग्रजी ग्रंथाने अभ्यासकांपुढे ठेवला. ग्रंथकार जॉर्ज मोराएस. त्यांचे गुरू मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील जेझुइट धर्मगुरू फादर हेन्री हेरास.

हेरास १८८८ साली बार्सिलोना येथे जन्मले आणि १९२२ साली मुंबईस आले. कोणता इतिहास शिकवाल, या प्रश्नाला त्यांनी हिंदुस्थानचा असे उत्तर दिले. त्याविषयी आज काही ठाऊक नाही, पण अभ्यास करीन, असेही ते म्हणाले, अशी आठवण सांगितली जाते. हा शब्द त्यांनी खरा केला. १९२६ साली त्यांनी महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापिली आणि पुढच्याच वर्षी विजयनगरच्या आरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९२९ साली त्यांनी विजयनगरच्या आरंभाचा प्रश्न हाती घेतला. विद्यारण्यस्वामींच्या प्रेरणेने हरिहर व बुक्क यांनी हे राज्य उभारले, अशी परंपरेची श्रद्धा. हेरास यांनी ती नाकारली. विद्यारण्यांना संस्थापक म्हणणारे लेख उत्तरकालीन असून ही कथा सोळाव्या शतकात शृंगेरी मठाकडून प्रचारात आली, असे त्यांचे प्रतिपादन होते. विजयनगर म्हणजे कर्नाटकाच्या अभिमानाचा विषय. त्याच्या षट्शताब्दीचा स्मृतिग्रंथ १९३६ साली धारवाडहूनच निघाला. तेथे परधर्मीय धर्मगुरूचे हे मत सहज पचण्याजोगे नव्हते. परंतु वाद चालला तो शिलालेख आणि ताम्रपट यांच्या आधारे. त्यांतील काही लेख उत्तरकालीन असल्याचे पुढील संशोधकांनीही मानले; मठाच्या हेतूविषयी मात्र एकमत झाले नाही.

प्रमाणाची हीच कसोटी खुद्द हेरास यांच्या लेखनालाही लागली. सिंधू संस्कृतीची लिपी द्राविड भाषेची आहे, असे मानून त्यांनी तिचे वाचन केले आणि १९५३ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे बहुतेक वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. तथापि ‘मीन’ या द्राविड शब्दाचे मासा आणि तारा असे दोन्ही अर्थ होतात, ही माशाच्या चिन्हाविषयीची त्यांची सूचना फिनलंडचे पंडित आस्को पार्पोला यांनी पुढे नेली.

१९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. पण श्रद्धेच्या विषयालाही पुरावा विचारावा आणि तो आपल्यालाही विचारला जाणार हे जाणून लिहावे, ही त्यांची शिस्त कर्नाटकाच्या इतिहासलेखनाला उपकारक ठरली.